चार टेबलांचा एकच बाबू

आमच्या तालुक्याच्या कचेरीत एका खोलीत चार टेबलं आहेत आणि माणूस एकच. बाकीचे तिघं रिटायर झाले, त्यांच्या जागा कोणी भरल्याच नाहीत. त्या एकट्याचं नाव मी विचारलं नाही.

शेत माझ्या बायकोच्या नावावर होतं. ती गेली. वारसाची नोंद झाल्याशिवाय सरकारी खरेदी केंद्रवाला धान घेत नव्हता, आणि खरेदी बंद व्हायला दोनच दिवस होते. फक्त कचेरीतल्या सह्या बाकी होत्या.

बाबूनं पहिल्या, आवकच्या टेबलावर माझा कागद घेऊन शिक्का मारला. मग उठून दुसऱ्या टेबलावर बसला, चष्मा पुसला आणि तोच कागद नव्यानं वाचला.

"इथं तारीख काहून नाही? तो आवकवाला बाबू झोपते काय?" असं म्हणत स्वतःच मागं गेला, तारीख टाकून आला.

माझं डोकं फिरलं. "भाऊ, एकाच खुर्चीवर बसून चारही शिक्के मारा ना! कायले चकरा मारून राहिले?"

"एका खुर्चीवर बसलो त साहेबाले वाटते, एका माणसात भागते. मंग माणूस कोण देईल, बाबाजी?"

चौथ्या टेबलावर सही करता करता त्यानं विचारलं, "घरी सैपाक कोण करते?"

"मीच. पण मीठ चुकते."

"चुकनच. चार्ज नवा आहे तुमचा."

मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी धान केंद्रावर गेलं. भाजी अजून खारटच होते.