गेवराईच्या हायवेवर पहिला घास

मुलींच्या बापांनो, स्थळ बघायला गेल्यावर आपण कसे बसतो ते आठवा. मुलाकडच्यांनी घास घेतल्याशिवाय आपला हात मांडीवरून उठत नाही. समोर गरम जेवण, पोटात भूक, आणि तरी आपण हसत बसायचं. याची चीड तुम्हाला येते, मलाही येते. म्हणून गेल्या रविवारचा प्रवास सांगतो.

स्थळ गेवराईचं. मुलगा स्वप्नील, बरीच वर्षं स्पेनमध्ये स्वयंपाकी होता. आता गेवराईबाहेर हायवेला त्यानं तिकडच्या पद्धतीचं हॉटेल काढलंय. जेवायला तिथंच बोलावलं. आमची पल्लवी म्हणाली, "जेवून बघते, मग सांगते." सगळं तिच्या त्या उत्तरावर होतं.

मी, बायको सुनंदा, थोरले बंधू आबा आणि पल्लवी, असे दिंद्रुडहून सकाळी निघालो. तेलगावपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांमागं रांगत गेलो. हंगामात निघणाऱ्यांनी हाताशी जास्तीचा वेळ ठेवावा. वडवणीला चहा घ्यावा, पण भजी टाळावीत. (आम्ही टाळली, आणि पुढं पस्तावलो.) बीड सोडलं की रस्ता मोकळा.

आबांचं वाटभर एकच चाललं होतं. "पोरगं सयपाक करतंय. आपल्या पोरीला काय पोसणार हाय?"

"मग आबा, पोसणारं अजून कोण असतं?" पल्लवी म्हणाली.

हॉटेल पांढऱ्या भिंतींचं, स्वच्छ. दारात स्वप्नीलचे वडील अण्णा आणि त्याची आई उभे होते. स्वप्नील नमस्कार करून पुन्हा आत गेला. सगळे एका लांब टेबलाला बसलो. एक बशी आली: टोमॅटो चोळलेला भाजका पाव. दुसरी आली: खारवलेली ऑलिव्हची फळं. मग काहीच येईना. मला वाटलं, ही चटणी-कोशिंबीर असावी. आबा कानाशी लागले, "ताट कवा येणार हाय बे?" मला काय माहीत!

अण्णा म्हणाले, घ्या. आम्ही म्हणालो, आधी तुम्ही. ते यजमान, पाहुण्यांच्या आधी कसे खाणार? आम्ही मुलीकडचे, त्यांच्या आधी कसे खाणार? हे फिरत राहिलं आणि पाव थंड होत राहिला. स्वप्नील दोनदा दारातून डोकावला. तिसऱ्यांदा बाहेरच आला, चेहरा पडलेला.

"काही चुकलं का?" त्यानं विचारलं. "हे एकेक करून येतं. बशी रिकामी झाली की पुढचं तव्यावर टाकतो. गार झालं तर काही खरं न्हाई."

आता कळलं होतं, तरी कुणी हलेना. गावोगाव समतेवर तासभर बोलणारा मी, मला तिथं एक वाक्य सुचलं नाही.

पल्लवीनं पाव उचलला आणि खाल्ला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ जरा कमी हाय," ती स्वप्नीलला म्हणाली. "पुढचं आणा."

स्वप्नीलच्या आईनं लगेच हात पुढं केला. "बरं केलं बाई. मलाबी लई भूक लागली व्हती."

मग बशा येत गेल्या. मीठ लावून परतलेल्या मिरच्या, बटाटा घातलेलं जाडजूड ऑम्लेट. ऑम्लेटचा शेवटचा तुकडा आबांनी घेतला. जाणार असाल तर दुपारी जा, आणि ताटाची वाट बघू नका.

परतताना आबा म्हणाले, "पोरीनं आधी हात घातला. आता त्यांचा नकार धरा." आपण जेवलो की नाही, हेही मला ठरवता येईना. घरी येताच सुनंदानं भाकरी टाकली.

तेवढ्यात अण्णांचा फोन आला. स्वप्नील म्हणतो, मीठ कमीच होतं. आमची पसंती आहे, पोरगी काय म्हणते?

पल्लवी घास चावत होती. "हो म्हणा. पण लग्नाच्या पंगतीत मी आधी जेवणार."

"कावून? आधी का?" आबांनी विचारलं.

मला अजूनही ते नीट मांडता येत नाही. इतकी पुस्तकं वाचली, पण सगळा गोंधळच आहे. एवढंच कळतं की टेबलावरची ती गाठ माझ्या भाषणानं सुटली नाही, तिच्या हातानं सुटली. तेव्हा बापांनो, पुढच्या बैठकीला बसाल तेव्हा एकच करा. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, आपल्या मुलीला सांगा: पहिला घास तू घे.