चष्म्याआधीचा चेहरा

सकाळचे सव्वादहा. फोटो स्टुडिओतल्या ताई संगणकावर एका वारलेल्या बाईंचा फोटो तिसऱ्यांदा दुरुस्त करत होत्या. त्या बाईंचे यजमान, एक आजोबा, शेजारीच बसले होते. आधीचे दोन्ही प्रयत्न त्यांनी नापास केले होते.

"तू सुरकुत्या पुसल्यास आणि ही परकीच बाई झाली. घरात एवढा एकच फोटो आहे, पोरी."

ताईंनी पुसलेलं सगळं परत आणलं. मग त्याच फोटोची प्रत मूळ फोटोवर ठेवून ती धूसर केली आणि हळूहळू निम्मी पारदर्शक केली. सुरकुत्या जागच्या जागी राहिल्या, पण केसांभोवती आणि गालांवर मऊ उजेड पसरला.

आजोबा खुर्चीतून अर्धवट उठले.

"अगं, हीच ती! रोज डोळे उघडले की, चष्मा सापडेपर्यंत, मला अश्शीच दिसायची."

"आणि सापडल्यावर?"

"तोवर ओरडायला लागलेली असायची!"

ताई हसल्या, पण त्यांचा हात माउसवर तसाच राहिला. इतकी वर्षं त्या हा परिणाम देत आल्या होत्या. असं कुणाला खरोखरच दिसत असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

उद्या नऊला स्टुडिओ उघडेल. पहिलं काम पासपोर्टच्या फोटोंचं आहे आणि त्यांत धूसरपणा अजिबात चालत नाही.