केर, केरसुणी आणि सॅन फ्रान्सिस्को

आमच्या सासरी घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते मुक्कामी पोचेपर्यंत केर काढत नाहीत. सासर पौडजवळच्या माले गावचं. एसटीला पुण्यात पोचायला जेवढा वेळ लागे तेवढाच वेळ घर मळकं राहायचं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. मग २००४ साली माझा धाकटा दीर संतोष कंपनीच्या कामाला अमेरिकेला निघाला.

"किती लांब हाय गं त्ये?" सासूबाईंनी मला विचारलं. मी पौडला शाळेत भूगोल शिकवायचे. (घरात एवढा मान एकदाच मिळतो!)

"साडेतेरा हजार किलोमीटर."

"आन पोचायचा कवा?"

मी तिकिटाची झेरॉक्स पाहिली. मुंबईहून सकाळी सातला सुटणार, सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला उतरणार. सरळ वजाबाकी! "साडेदहा तास," मी म्हटलं. या हिशेबाने विमान आवाजाच्या पुढे पळत होतं, शिवाय वाटेत जर्मनीत थांबतही होतं. पण मला काही खटकलं नाही.

दिवेलागणीनंतरही आमच्याकडे केर काढत नाहीत. म्हणून साडेपाच वाजताच सासूबाईंना विचारून मी पदर खोचला, ओसरीपासून परसापर्यंत घर लख्ख झाडलं आणि केर उकिरड्यावर टाकून आले. तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, जर्मनीत आहे. आता दुसरं विमान. अजून निम्मा प्रवास बाकी आहे!"

मी ते सासूबाईंना सांगितलं. त्यांनी लख्ख ओसरीकडे बघितलं.

"पोरगं वाटंत, आन तू घर झाडलंस?"

"अहो, तुम्हाला विचारूनच..."

"आदी केर परत आण!"

मी सूप घेऊन उकिरड्यावर गेले. तोवर कोंबड्यांनी सगळं विस्कटलं होतं. हाताला लागलं ते भरून आणलं.

सासूबाईंनी सूप निरखलं. "ह्यो आपला न्हाई. आपुन शेंगा कुटं फोडल्या?"

दुसरी खेप पसंत पडली. ती मी घरभर पसरली, कोपरेसुद्धा सोडले नाहीत. मला हसू येत होतं. पण सासूबाई पदराने डोळे पुसताना दिसल्या आणि खरं सांगते, मलाही धाकधूक वाटायला लागली.

अशातच शेजारच्या काकू पेढे खायला आल्या. घराची दशा बघून बिचारीने आपणहून केरसुणी उचलली.

"ठिवा ती खाली!" सासूबाई कडाडल्या. "पोरगं इमानात हाय माजं!"

काकू पेढा न घेताच गेल्या.

सकाळी फोन आला. सासूबाईंनी झडप घालून उचलला.

"आई, सुखरूप पोचलो गं."

त्यांच्या डोळ्यांना धारच लागली. "तितं आता सकाळ हाय न्हवं?"

"नाही गं, संध्याकाळ. कालचीच!"

सासूबाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"हितं आजची सकाळ, तितं कालची सांज. शाळंत ह्येच शिकवतीस व्हय तू?"

"नाही हो आई," मी म्हटलं. "तो धडा सहावीला आहे. माझ्याकडे पाचवी आहे."