हॉट प्रेसमधलं गव्हाचं सत्त्व

आमची पोरगी साडेसहा महिन्यांची झाली तेव्हा इथल्या, आयर्लंडच्या, नर्सबाई घरी येऊन तिचं वजन करून गेल्या, आणि म्हणाल्या, वजन जरा मागं आहे, आता वरचं खायला सुरू कर. मला तेवढंच कळलं. मी दहावीपर्यंत शिकलेली, तीही कशीबशी, आणि त्या बोलायच्या भरभर, आयरिश माणसं बोलतात तशा. व्हीट हा शब्द मात्र कळला, कारण तो त्यांनी बोट वर करून सांगितला. गहू जपून.

त्या गेल्या की लगेच मी नवऱ्याला फोन लावला. तो लिक्सलिप गावात, कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात. म्हणाला, "इथं काही पोरांना गहू सोसत नाही, म्हणून सांगितलं असेल. घाबरू नकोस." घाबरू नकोस म्हटलं की मी जास्तच घाबरते. त्यात हळदीकुंकवाला एकीनं सांगितलेलं, की परदेशात मूल नीट सांभाळत नाही असं वाटलं तर सरकारची माणसं येऊन मूल उचलून नेतात. ते ऐकल्यापासून दारावरची बेल वाजली की मी आधी पोरीला उचलून घ्यायचे.

पाकिटातली तांदळाची पेज दिली, पोरीनं थुंकली. केळं दिलं, थुंकलं. बटाटा तर माझ्याच अंगावर.

तेवढ्यात सांगलीहून सासू आली. आम्ही सासूला आत्या म्हणतो. आत्यांनी बॅगेतून साडीच्या घडीत गुंडाळलेला खपली गहू काढला आणि म्हणाल्या, "सत्त्व करू. हिच्या बापाला त्येच घातलं, बघ कसा झालाय."

"आत्या, नर्सबाई गव्हाला जपून म्हणाल्यात."

"जपूनच करनार हाय. मी काय दगडं भिजवाय लागलीय व्हय?"

गहू भिजत पडला. रोज पाणी बदलायचं, आणि रोज स्वयंपाकघराला जास्त आंबूस वास. मग मिक्सरमधून काढला, फडक्यानं गाळला, चीक खाली बसू दिला, वरचं पाणी ओतलं, आणि खाली राहिलं पांढरंशुभ्र. आता ते वाळवायचं. आत्या ताट घेऊन मागच्या दारात उभ्या, वर बघतात तर आभाळ भरलेलं, बारीक पाऊस.

"ह्यास्नी ऊन म्हाईत हाय का नाय?" म्हणाल्या आणि ताट घेऊन आत आल्या.

मग त्यांना हॉट प्रेस सापडला. हॉट प्रेस म्हणजे जिन्यावरचं ते कपाट, ज्यात गरम पाण्याची टाकी असते. इथं सगळ्या बायका त्यात कपडे सुकवतात. आमच्या पोरीच्या बंड्या, टोपडी, दुपटी, सगळं त्यातच. आत्यांनी मधल्या फळीवर ताट ठेवलं, वर फडकं टाकलं, दार लावून घेतलं. मी दर तासाला दार उघडून बघायचे. आणि खरं सांगायचं तर सत्त्व वाळायला लागलं होतं, छान वाळायला लागलं होतं.

आणि बेल वाजली. नर्सबाई. आज येणार होत्या ते मी साफ विसरलेले.

त्यांनी पोरीला वजनासाठी उघडं करायला घेतलं, बंडी काढली, आणि थांबल्या. बंडी नाकाशी नेली. मग मला विचारलं, हा कसला वास?

आत्यांना इंग्रजी कळत नाही, पण नाकाशी नेलेली बंडी कळली. त्यांनी नर्सबाईंचा हात धरला आणि अशा थाटात वर नेलं की जसं काही नवीन फ्रीज दाखवायचाय. मी पोरीला घेऊन मागोमाग. आत्यांनी कपाट उघडलं, फडकं उचललं. ताटात पांढरी पूड, शेजारी पोरीची टोपडी. नर्सबाई ताटाकडं बघतायत, मग माझ्याकडं. मी पोरीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

"व्हीट," मी म्हटलं. "व्हीट, वॉटर, मिक्सर, कपडा. बेबी फूड. प्लीज यू नो टेक बेबी."

नर्सबाई तिथंच जिन्याच्या पायरीवर टेकल्या. मग हळू, एकेक शब्द सुटा करून बोलल्या, तेव्हा मला सगळं समजलं. म्हणाल्या, "माझी स्वतःची तीन आहेत, ती कुणी नेईल का बघतेय, आणि तुझी कुठं घेऊन जाऊ?"

आत्यांनी विचारलं, काय म्हनतीय. मी सांगितलं. आत्या इतक्या हसल्या की जिन्याचा कठडा धरावा लागला.

मग नर्सबाईंनी नीट समजावलं. मीठ, साखर, मध घालायचं नाही. सकाळी एक चमचा द्यायचा आणि दिवसभर बघायचं, अंगावर पुरळ येतंय का, उलटी होतेय का. तसं काही झालं तर फोन. नाही झालं तर उद्या थोडं जास्त.

आत्या केव्हाच गॅसपाशी गेल्या होत्या. सत्त्व पाण्यात कालवून शिजवलं, चकाकायला लागलं तसं खाली उतरवलं, निववलं. आणि आता वाटी माझ्याकडं देतील म्हणून मी हात पुढं केला, तर त्यांनी चमचा नर्सबाईंच्या हातात दिला.

"आत्या, असं काय?"

"उष्टावनाला पैला घास मामाचा. तुझा भाऊ बसलाय तिकडं मिरजंत. आज हिलाच मामा म्हनायचं."

मी ते कसंबसं इंग्रजीत सांगितलं. यू आर हर अंकल टुडे. नर्सबाई म्हणाल्या, ग्रँड, म्हणजे इथलं झकास, अंकल तर अंकल, आणि चमचा पुढं केला. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं. मग ओठ मिटले, आणि चमचा सोडेचना. नर्सबाई ओढतायत, ही धरून बसलीय.

मामाला रिकाम्या हातानं धाडायचं नाही म्हणून आत्यांनी नर्सबाईंसाठी वाटीभर वेगळं केलं, गूळ-तूप घालून. त्यांनी ते ओट्यापाशी उभ्यानंच संपवलं.

त्या गेल्यावर मी पोरीला मांडीवर घेऊन बसले. बंडी वर करायची, पोट बघायचं, बंडी खाली. परत वर. पुरळ नाही, काही नाही, गोरं गुळगुळीत पोट आणि आंबूस वास.

"किती येळा उघडशील," आत्या म्हणाल्या. "प्वाट हाय ते, डबा न्हवं."

मी अजून एकदा उघडून बघितलं. पोरगी हसली. मग मी उद्याच्यासाठी दोन चमचे सत्त्व वाटीत काढून ठेवलं.