तिने पाहिलेला चेहरा

पोलिसांतल्या नोकरीत खुनाचे बरेच तपास केले, पण वरंधकडच्या एका गावातली ती दुपार अजून मनातून जात नाही. निवडणुकीच्या तोंडावर तालुक्यातल्या एका पुढाऱ्याला त्याच्याच अंगणात गोळ्या घातल्या. मारेकरी दोघे, मोटारसायकलवरून आलेले, तोंडाला रुमाल. पाहिलं फक्त त्याच्या बायकोने, पडवीतून.

पंचनामा चालू असतानाच तिने विरोधी पक्षाच्या एका कार्यकर्त्याचं नाव घेतलं. प्रचारात त्याने तिच्या नवऱ्याला भर चौकात धमकी दिली होती.

"तोंड झाकलेलं होतं ना?" मी विचारलं.

"रुमाल सुटला, साहेब. त्योच हाय."

त्याला ताब्यात घेतलं. चौकशीत तो एकच सांगत राहिला, "भांडलो ते खरं हाय. पण त्या टायमाला मी कशेडी घाटात अडकलेलो. दरड आलेली."

असं सगळेच सांगतात. पण घाटाखालच्या हॉटेलातल्या कॅमेऱ्यात तो नेमका त्या वेळी चहा पिताना दिसला. त्याला सोडावं लागलं.

मग महाडच्या खबऱ्याने कळवलं की, एका लॉजवर बाहेरची दोन माणसं उतरली होती. दोघे सापडले. एकाने नदीकाठच्या झुडपात लपवलेलं पिस्तूल काढून दिलं. सुपारी मयताच्याच पक्षातल्या एकाची होती. त्याला उमेदवारी हवी होती.

"रुमाल सुटला होता का?" मी गोळ्या घालणाऱ्याला विचारलं.

"सुटला होता. पण बाई माझ्याकडे बघतच नव्हती, साहेब. नवऱ्याकडे बघत होती."

ओळख परेडमध्ये ती त्याच्यासमोरून न थांबता पुढे गेली. कोर्टातही म्हणाली, "यांच्यात तो नाय. त्याला पोलिसांनी सोडला." पिस्तूल जप्त करतानाचे पंच फितूर झाले. संशयाचा फायदा मिळून सगळे सुटले, सुपारी देणाराही. निर्दोष कार्यकर्त्याशी मात्र गावाने बोलणं टाकलं. शेवटी तो बिऱ्हाड घेऊन मुंबईला गेला.

निकालानंतर ती कोर्टाच्या आवारात भेटली. मी समजावू लागलो, तशी म्हणाली, "डोळे मिटले का त्योच दिसतो, साहेब. मी खोटं कसं बोलू?"

ती खोटं बोलत नव्हती. तिने मनापासून दिलेल्या साक्षीनेच तिच्या नवऱ्याचे मारेकरी सुटले. पुढे हाताखालच्या अधिकाऱ्यांना मी सांगत असे, साक्षीदाराला आधी काय दिसलं ते विचारा, नाव मागाहून. खोटा साक्षीदार उलटतपासणीत सापडतो. तिला मात्र काय विचारायला हवं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.