कपाटवहिनीची खुर्ची

तिचं काम कपाटात चालतं. एका बाजूला नवऱ्याचे शर्ट, दुसऱ्या बाजूला टांगलेली ब्लँकेटं आणि मधे माइक. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. तिथे उभी राहून ती पुस्तकं वाचते आणि एक कंपनी ती वाचनं ऐकणाऱ्यांना विकते. इमारतीत सगळे तिला कपाटवहिनी म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, "कपाटात उभं राहून पैसे मिळतात हे आधी कळलं असतं, तर मी जन्मभर बाहेर कशाला राबले असते?"

कपाटाचं दार लावता येतं, पण दारावरच्या बेलचं काय करणार? "वहिनी, तुम्ही घरीच असता ना?" एवढं म्हणून लोक तिच्याकडे पार्सलं, किल्ल्या, कधी रडणारं मूलही ठेवून जात. नणंद फोन करी, "घरीच आहेस तर प्लंबर येईपर्यंत माझ्याकडे जाऊन बस की." ती घरी होती हे खरं. कामावर होती हेही तितकंच खरं, पण ते कुणाला दिसत नव्हतं.

वरच्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर कॉम्प्युटरवर शिकवण्या घेत आणि खालच्या हिशेबनीस बाई दुकानांचे हिशेब घरून बघत. त्यांचीही हीच रड. एकदा तिघंही जिन्यात पार्सलं घ्यायला उभी असताना तिला युक्ती सुचली. तिच्याकडे एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती. ती ज्याच्या दारात असेल, तो त्या दिवशी 'घरी'. सगळं त्याच्याकडे द्यायचं. बाकीचे दोघे कामावर, त्यांची बेल वाजवायची नाही.

"आणि एखाद्याने खुर्ची सोडलीच नाही तर?" मास्तर म्हणाले.

"जगात लोक खुर्चीसाठी भांडतात, मास्तर. इथे सगळे ती सोडायलाच टपलेले असतील," हिशेबनीस बाई म्हणाल्या.

खुर्ची मजल्यामजल्यांवर फिरू लागली. मग बाईंचा प्रिंटर तिघांचा झाला, वीज गेली की मास्तरांची बॅटरी तिघांची. दुपारचा चहा ज्याच्याकडे खुर्ची त्याच्याकडे. कितीतरी दिवसांनी दुपारी कुणाशी तरी बोलणं होऊ लागलं.

मग मास्तरांच्या शिकवणीतल्या मुलांच्या परीक्षा आल्या. "एवढा आठवडा, वहिनी." मग बाईंची वर्षअखेर. "एवढा महिना, बाई गं." ती हो म्हणत गेली. पुढे कुणी विचारेनासं झालं आणि खुर्ची तिच्या दारातच राहिली. चहासुद्धा बंद पडला. बेल वाजे, ती कपाटातून बाहेर येई, सही करी, परत जाई, आणि मघाचा सूर सापडत नसे.

एका कादंबरीचं शेवटचं प्रकरण कंपनीकडून दोनदा परत आलं. मागे बेल ऐकू येते. पुन्हा तसंच झालं तर पुस्तक दुसऱ्या आवाजाला द्यावं लागेल, असा निरोप होता. संध्याकाळपर्यंत ते पाठवायचं होतं. ती वर गेली. मास्तरांनी दार अर्धंच उघडलं.

"आजची खुर्ची घ्याल का? माझं शेवटचं प्रकरण आहे."

"अहो, आज अवघड आहे. तुम्ही काय, घरीच असता," ते म्हणून गेले, आणि गळ्यातला हेडफोन उगाच चाचपत राहिले.

भांडायचं तर तेवढं त्राण हवं. ती नुसती मान हलवून खाली आली. दारातली खुर्ची तिने उचलली, आत आणली आणि कपाटात ठेवली. मग तिच्यावर बसली. पाय भरून आले होते. इतक्या दिवसांत बसून वाचायचं सुचलंच नव्हतं.

प्रकरण निम्म्यावर आलं तेव्हा जिन्यात पार्सलवाल्याचा आवाज चढला, "खुर्ची कुठाय? आज कुणीच घरी नाही का?"

वरून चपला फटफटत उतरल्या.

"ओरडू नका हो!" मास्तर त्याच्याहून मोठ्याने ओरडले. "वहिनी कामावर आहेत! द्या सगळं इकडे."

ब्लँकेटांतून, शर्टांतून ते सगळं माइकपर्यंत पोचलं. वाक्य वाया गेलं. मग जिना शांत झाल्यावर तिने तेच वाक्य पुन्हा वाचायला घेतलं, बसूनच.