अंगात न येता मागितलेला शनिवार

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींनी मला मदत केली, हे आधी लिहून टाकते. काय घडलं ते मागून. मावशी काळ्या अमेरिकन आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. सगळी नोकरी शाळेची बस चालवण्यात गेली. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला बेबी म्हणतात. मी बेचाळीस वर्षांची आहे, पण इतक्या लाडानं दुसरं कोणी हाक मारत नाही, म्हणून त्यांना थांबवलं नाही.

इथे अमेरिकेत, प्लेनो शहरातल्या एका मराठी किराणा दुकानाच्या मागच्या किचनमध्ये मी पोळ्या करते. धाकट्या बहिणीनं स्पॉन्सर केलं म्हणून इथवर आले. ती इंजिनिअर, मी आठवी. इकडे शनिवारी सकाळी लायब्ररीत इंग्लिशचा फुकट वर्ग असतो. मला त्या वर्गाला जायचं होतं, बाकी काही नको होतं. पण इथली मंडळी आठवड्याच्या पोळ्या शनिवारीच नेतात, त्यामुळे त्या दिवशी सुट्टी मागणं म्हणजे दिवाळीत हलवायानं मागण्यासारखं. दुकानाचे मालक काका काही वाईट नाहीत. पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की मी म्हणायचे, "काका, पीठ संपत आलंय." सहा आठवडे मी पीठच मागत होते. मागे गोण्या ठेवायला जागा उरली नाही.

सोमवारी दुकान बंद. अशाच एका सोमवारी दुपारी मावशींनी सिनेमा बघायला वर बोलावलं. त्यांच्या तरुणपणचा, सगळी काळी माणसं असलेला भुताचा सिनेमा. त्यात त्या स्वतः नाचणाऱ्यांच्या गर्दीत तीन सेकंद दिसतात, डोक्यावर सूपभर केस. ती जागा आली की सिनेमा थांबवायचा, मी कौतुक करायचं, मग पुढे. गोष्ट अशी की शिवणकाम करणारी एक गरीब, मुकाट बाई. तिच्या गाणाऱ्या थोरल्या बहिणीला तीन गुंडांनी मारलेलं. ती बहीण हिच्या अंगात येते आणि एकेकाचा सूड घेते.

संवाद मला निम्मेच कळत होते. पण मशीनवर बसलेल्या त्या बाईची मान डुलायला लागली, केस सुटले, डोळे फिरले, तसं मला सगळं कळलं. मी सोफ्यावरून उठले, टीव्हीसमोर गुडघे टेकले, हात जोडले आणि मराठीत विचारलं, "कोण आलंय? काय पाहिजे?"

आमच्याकडे तसंच विचारतात. अंगात आलं की कुणीतरी पुढे होऊन विचारायचंच, नाहीतर आलेलं जात नाही. टीव्हीतल्या बाईनं उत्तर न देता एका गुंडाला खिडकीतून फेकलं.

मावशी पोट धरून हसल्या. मग सिनेमा थांबवून म्हणाल्या, हे काय होतं ते नीट सांग. मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं. सासरी माझ्याही अंगात यायचं. घरात संडास बांधा म्हणून मी चार वर्षं सांगत होते, कुणाच्या कानावर गेलं नाही. एका मंगळवारी देवीनं माझ्या तोंडून तेच मागितलं. सासूबाईंनी लगेच नारळ फोडला, दोन महिन्यांत संडास उभा. खरंच देवी आली होती की मीच होते, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. निम्मंनिम्मं असेल.

मावशी आता हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बेबी, आज तुला काय पाहिजे?"

अंगात काही नसताना हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. मी म्हटलं, शनिवार.

त्या म्हणाल्या, "त्या बाईला मेलेली बहीण लागली. तू तर जिवंत आहेस. स्वतःच जा."

मंगळवारी गेले. काका बिलं बघत होते. मी म्हटलं, मला शनिवारी सकाळी लायब्ररीत इंग्लिश शिकायला जायचंय.

"शनिवारी? आणि पोळ्या काय मी लाटू?" काका म्हणाले. "या वयात शिकून कलेक्टर व्हायचंय का?"

एरवी मी "राहू दे काका" म्हणून आत पळाले असते. त्या दिवशी मी जागची हलले नाही. "कलेक्टर नाही," मी म्हटलं, "मला औषधाच्या बाटलीवरचं वाचता यायला पाहिजे. दोन तास द्या."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, पहाटे पाचला येऊन पोळ्या उरकणार असशील तर जा. पण नऊच्या आत काउंटरवर पाकिटं दिसली पाहिजेत. म्हणजे शनिवार मिळाला तो झोप देऊन. देवीनं मागितला असता तर अख्खा मिळाला असता, नारळासकट. पण हा मी मागितला होता.

चार शनिवार झाले. वर्गात मी सगळ्यात मागे बसते आणि मला फार भीती वाटते. मावशींचे डोळे आता अधू झालेत. दवाखान्याची, इन्शुरन्सची पत्रं त्या भिंग धरून तासन्‌तास वाचत बसतात. मी अजून 'डिअर'च्या पुढे दोन ओळी जाते आणि अडकते. पण एक दिवस त्यांच्या सोफ्यावर बसून त्यांची सगळी पत्रं, खालच्या बारीक अक्षरांसकट, मी मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.